गिळलेला ठोका

९ जानेवारी

ताई,

तुम्ही सांगितलंत तसं शिंपीणबाईंच्या पत्त्यावर लिहिते आहे. पाकिटावर माझं नाव टाकलेलं नाही. फोन करत नाही, कारण तुमचा फोन तुमचे भाऊ रोज उघडून बघतात हे मला माहीत आहे. वाचून झालं की फाडून टाका, पण गॅरेजच्या कचऱ्यात नको.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. खोली लहान आहे, खिडकी मोठी. खाली छत्र्यांचं बंद पडलेलं दुकान, समोर उताराचा रस्ता आणि उताराच्या टोकाला सिग्नल. मला हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत काम मिळालंय. दिवसभर वाफेत उभी असते, पण बायका चांगल्या आहेत, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. पिल्लूला शाळेत घेतलं. बाईंनी विचारलं, "बाबा काय करतात?" तर म्हणाली, "इंजिनं करतात आणि ओरडतात." बाईंना गंमत वाटली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. काल दुपारी मी त्यांची गाडी ऐकली.

तुम्ही म्हणाल, रस्त्यावर शंभर गाड्या असतात. पण ताई, साध्या गाडीचं इंजिन उभं असताना झोपलेल्या मांजरासारखं गुरगुरतं. तुमच्या गॅरेजमधलं रोटरी इंजिन उभ्या उभ्या धापा टाकतं. त्यातही त्यांच्या गाडीचं वेगळं. थड थड थड, मग एक आवंढा गिळल्यासारखी जागा, मग थड थड. सुटलं की कापडाचा अख्खा तागा एका दमात फाडावा तसं. लग्नानंतरची सगळी वर्षं माझी संध्याकाळ त्या आवाजावर ठरली. गाडी बंद करण्याआधी त्यांनी एकदा हलकंसं रेस केलं, की दिवस बरा गेलाय. लागोपाठ जोरात केलं, की पिल्लूला शेजारी पाठवायचं आणि काचेचं सामान वर ठेवायचं. त्या आवाजात माझी चूक होणार नाही. आईला पोराचं रडणं ओळखता येतं, तसं मला ते येतं. दोन्हींत किती फरक आहे ते लिहिताना लाज वाटली.

काल सिग्नलला तोच आवाज उभा होता. मी इस्त्री केलेले कपडे घडी घालत होते. खिडकीशी न जाता मी दाराची कडी लावली. मग तो फाडत निघून गेला.

गाडी जागेवर आहे का? एवढंच लिहा. त्यांना आमचा पत्ता कुठून कळला असेल, याचा विचार करून करून डोकं दुखायला लागलंय.

तुमची,
खारू

---

१५ जानेवारी

प्रिय खारू,

गाडी जागेवर आहे. ताडपत्रीखाली, भिंतीला नाक लावून. इंजिन तर तिच्यात नाहीच. रोटरच्या टोकाचं सील तुटलं, त्याने आतली भिंत ओरबाडून काढली, म्हणून सगळं उघडून बाकावर मांडलंय आणि नवा भाग यायची वाट बघतोय. ती तिकोनी रोटरं माझ्यासमोर ठेवलेली आहेत, मी त्यांच्यावर डबा ठेवून जेवते. आता इंजिन नसलेली गाडी उतार उतरून तुझ्या सिग्नलला उभी राहत असेल, तर आम्ही गॅरेज बंद करून जादूचे प्रयोग लावतो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. तुझ्या कानात तो आवाज इतकी वर्षं मुरलाय. निघायला वेळ लागेल.

माझा भाऊ इथेच आहे. सकाळी येतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, माझ्याशी बोलत नाही. तू गेल्यावर रोज तुझं नाव काढायचा, चहाचा कप फेकायचा, तेव्हा मला बरं होतं. काय शिजतंय ते निदान कळायचं. आता नाव काढत नाही. पण तुझा पत्ता त्याला माहीत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

जेव. झोप. केसांना तेल लाव, तू लावत नसणार. पिल्लूला तिच्या आत्याचा पापा. आणि एक माझं ऐक, तो आवाज पुन्हा ऐकू आला तरी घाबरू नकोस. कारण विचारू नकोस, नुसती घाबरू नकोस.

ताई

---

२ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र उशाखाली ठेवून झोपत होते. मला भास होतात असंच मी धरून चालले होते. भास परवडतात. त्यांना दार तोडता येत नाही.

पण काल शाळेतून आल्यावर पिल्लू जमिनीवर बसून चित्र काढत होती. मी चहा गाळत होते. खालून तो आवाज आला. मी काही बोलले नाही, वळलेसुद्धा नाही, कारण मला वाटलं हे माझ्या डोक्यातच आहे. मागे बघितलं तर पोरीने रंगीत खडू एकेक करून पेटीत भरले होते, पेटी पलंगाखाली सरकवली होती आणि ती दाराच्या मागे जाऊन उभी राहिली होती. तशीच, जशी तिकडे उभी राहायची. हात मागे बांधून.

ताई, माझे भास माझ्या मुलीला कसे ऐकू येतील?

या वेळी मी पडद्याच्या फटीतून बघितलं. राखी रंगाची गाडी, काचा काळ्या. आमच्या खिडकीखाली येऊन हळू झाली. काळ्या काचेआड कुणीतरी मान वर करून बघतंय, एवढंच दिसलं. मग गेली. लॉन्ड्रीतल्या एकीला विचारलं, तर ती म्हणाली, "ती भुणभुण करणारी? ती तर येतेच की या रस्त्याने अधूनमधून." म्हणजे मी ऐकलं नाही तेव्हाही ती येत होती.

रंग बदलता येतो. इंजिन बाकावरून उचलून दुसऱ्या गाडीत बसवता येतं. हे मला तुमच्याच घरात राहून कळलंय.

आणि तुमचं ते वाक्य. "पुन्हा ऐकू आला तरी घाबरू नकोस." म्हणजे पुन्हा ऐकू येणार हे तुम्हाला ठाऊक होतं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यात मला माया दिसली. आता तेच वाचते आणि अंगावर काटा येतो. तुम्हीच मला बॅग भरून दिलीत, बसमध्ये बसवलंत. मी तुमच्यावर संशय घेतेय याची मला शरम वाटते. पण शेवटी तुम्ही त्यांच्या बहीण. नखं मांसापासून कुठे वेगळी होतात?

मी कामावर सांगून टाकलंय. या रविवारी आम्ही इथून निघू. कुठे ते तुम्हालाही सांगणार नाही. पिल्लू विचारते, "आत्याला टाटा केलं का?" मी हो म्हटलं.

खारू

---

५ फेब्रुवारी

खारू,

बॅग खाली ठेव. आधी हे वाच. जलद टपालाने पाठवतेय, रविवारच्या आत मिळू दे.

ती गाडी त्याची नाही. तिच्यातलं इंजिनही त्याचं नाही. ते मी बनवलंय.

नीट सांगते. रोटरी इंजिनला हवा आत घ्यायला तोंडं असतात, त्यांना आम्ही पोर्ट म्हणतो. कारखान्यातून येतात ती लहान असतात. शर्यतीच्या इंजिनाला ती कापून, कानशीने घासून मोठी करावी लागतात. तिथेच सगळी करामत असते. कड केसभर इकडे झाली तर इंजिन दमदार, तिकडे झाली तर भंगार. आणि ज्याच्या हाताने घासलं, त्याच्या हाताचा आवाज इंजिनाला येतो. आमच्या गॅरेजमध्ये ते काम पहिल्यापासून मी करते. बाहेर पाटी त्याची, गिऱ्हाइकं त्याची, "उस्तादांचा हात आहे" म्हणून कौतुक त्याचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, मला काम आवडायचं.

तो मधला गिळलेला ठोकासुद्धा पहिल्यापासून नव्हता. तुझ्या लग्नाच्या वर्षी माझं उजवं मनगट मोडलं. कसं ते तुला ठाऊक आहे, तू नवी नवरी होतीस आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. लोकांना आपण दोघींनी सांगितलं की मी पायरीवरून पडले. तेव्हापासून मी डाव्या हाताने घासते. पुढचं तोंड ठीक येतं, मागच्या रोटरच्या तोंडाला हात उलटा घालावा लागतो, तिथे वरची कड जरा भरीव राहते. म्हणून ते इंजिन उभं असताना मध्येच अडखळतं. मी किती प्रयत्न केला, जात नाही. गिऱ्हाइकांना मात्र तेच आवडलं. त्याने सांगून टाकलं की ही आपली खूण आहे, मुद्दाम ठेवतो.

तुझ्या गावात दातांची एक डॉक्टरीण आहे. आठवडाभर लोकांचे दात उपटते आणि सुट्टीला डोंगरावरच्या शर्यतीत गाडी पळवते. गॅरेजमध्ये आली तेव्हा मला काम करताना बघत उभी राहिली, आणि तिला कळलं. बाहेर जाऊन तिने मला निरोप पाठवला की तिला इंजिन हवंय, पण माझ्या हातचं, माझ्या नावाने. ते मी शिंपीणबाईंच्या मागच्या खोलीत केलं, माझा भाऊ सामान आणायला जायचा त्या त्या दिवशी. कापडात धातूचा कीस सापडतो म्हणून शिंपीणबाई मला अजून शिव्या देतात. माझ्या नावाचं ते पहिलं इंजिन.

तुला कुठे पाठवायचं म्हणून मी नकाशा बघितला, तेव्हा माझ्या ओळखीचं माणूस फक्त तिथे होतं. तुझी खोली जाहिरातीतून मिळाली नव्हती, तिने शोधली. तू म्हणाली होतीस की पत्ता जगात कुणालाही सांगू नका, आणि मी शब्द दिला होता. म्हणून मागच्या पत्रात गप्प बसले. शिवाय पत्र चुकून त्याच्या हाती लागलं तर, ही धास्ती होतीच. मीच तिला सांगितलं की येता-जाता खिडकीत दिवा आहे का बघत जा, घरात मात्र शिरू नकोस, ती घाबरेल.

ती घाबरेल! बघ माझी अक्कल. खारू, मला खरंच वाटलं होतं की तो आवाज ऐकून तुला सोबत वाटेल. मी तो नेहमी बाकाच्या बाजूने ऐकला. मला त्यात माझा हात ऐकू येतो. दाराच्या आतून तो कसा ऐकू येत असेल हे, सगळं डोळ्यांनी बघूनही, माझ्या मनात आलं नाही. पिल्लूने खडू भरले हे वाचलं आणि मी दिवसभर कानस हातात धरू शकले नाही.

जाऊ नकोस. ती रविवारी सकाळी गाडी लांब लावून पायी तुझ्याकडे येईल. दार उघड.

ताई

---

१४ फेब्रुवारी

ताई,

दार उघडलं.

मी तुम्हाला जे लिहिलं त्याची माफी कशी मागू? तुम्ही म्हणाल, मागू नकोस, तेल लाव.

डॉक्टरीणबाई उंच आहेत, हात मोठे, दात काढताना माणूस जागचा हलत नसणार. दारातच म्हणाल्या, "मी ती भुणभुण." मला रडू आलं आणि हसूही. भरलेल्या बॅगेवरच बसून त्यांनी चहा घेतला. तुमच्याबद्दल बोलताना त्या अगदी शाळेतल्या मुलीसारख्या होतात.

मग आम्ही खाली गेलो. त्यांनी गाडी चालू केली आणि पुढचं झाकण उघडलं. पिल्लू माझ्या कमरेला घट्ट धरून होती. त्या म्हणाल्या, "हे तुझ्या आत्याने केलंय." मला न सोडताच तिने वाकून आत बघितलं. मग विचारलं, "आत्या यात ओरडत नाही ना?" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "नाही गं. आत्या काम करते."

आम्ही निघालो नाही. लॉन्ड्रीत परत कामावर घेतलं. सुपरवायझर मावशी म्हणाल्या, "तुझा राजीनामा मी वाचलाच नव्हता, चष्मा नव्हता."

पण ताई, डोक्याला कळलं म्हणून हातांना कळत नाही. आवाज आला की अजून मी काचेचं सामान वर ठेवायला लागते. मग मी मनातल्या मनात म्हणते, हा ताईंचा डावा हात, हा ताईंचा डावा हात. कधी जमतं, कधी नाही.

या महिन्यात डोंगरावरची शर्यत आहे. लोक कडेला मोबाईल धरून उभे असतात, फक्त हा आवाज टिपायला, असं बाई सांगत होत्या. आम्हालाही बोलावलंय. मी नाही जाणार, एवढं धैर्य अजून नाही. तुम्हीच इकडे या ना. खोलीत तिघी मावतील.

खारू

---

३ मार्च

खारू,

घाईत आहे. शिंपीणबाई आज लेकीकडे चालल्यात, जाता जाता हे पेटीत टाकतील. त्या परत येईपर्यंत मला लिहू नकोस.

एका गिऱ्हाइकाने त्याला मोबाईलवर शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. "उस्ताद, हे तुमचंच ना? लांबूनच ओळखलं." त्याने तो ऐकला. पुन्हा लावला. पुन्हा. मी बाकाशी होते, माझी पाठ त्याच्याकडे होती. तो गिऱ्हाइकाला हसून म्हणाला, "हो, आपलंच." गिऱ्हाईक गेल्यावर माझा फोन मागितला, थोडा वेळ बघितला आणि जुन्या ऑइलच्या बादलीत सोडला. ओरडला नाही. गाडीचा नंबर व्हिडिओत दिसतो. नंबरावरून गाव कळतं. मी त्याच्याआड इंजिन केलं आणि तू माझ्या मदतीशिवाय गेली नसतीस, ही दोन टोकं जोडायला त्याला वेळ लागणार नाही.

आता ऐक. तो येईल तेव्हा त्या गाडीतून येणार नाही. कुठल्याही साध्या, भाड्याच्या, मुक्या गाडीतून येईल. कान लावून बसू नकोस, आता त्यांचा उपयोग नाही. माणसांना सांग. लॉन्ड्रीत सांग, शाळेत सांग, डॉक्टरणीला सांग, सगळ्यांना फोटो दाखव. लाजू नकोस. आपण लाजलो म्हणून तर हे इथवर आलं.

माझी चिंता नको. मला तो काही करणार नाही, त्याला माझे हात लागतात. माझ्याशिवाय एक इंजिन तो उभं करू शकत नाही.

ताई

---

८ मार्च, दुपार

ताई,

हे पत्र टपालाने येत नाहीये. डॉक्टरीणबाई स्वतः घेऊन येतायत. त्या दारात उभ्या असतील. वाचता वाचता आवराआवर सुरू करा.

तो आज आला. पांढऱ्या, भाड्याच्या गाडीतून. आम्हाला आवाजच आला नाही. दवाखान्याचे एप्रन आमच्याकडे धुवायला येतात. डॉक्टरीणबाई ते टाकायला आल्या आणि त्यांच्या मागोमाग तो. त्याला इंजिन शोधायचं होतं की मला, ते मला अजून कळलेलं नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला आणि गोड आवाजात म्हणाला, "घरी चल."

मी तुमचं ऐकलं होतं, सगळ्यांना फोटो दाखवला होता. सुपरवायझर मावशींनी चष्मा लावला, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पावती आहे का? पावतीशिवाय आम्ही इथून काही देत नाही." मागे मशीनी बंद झाल्या. बायका ओल्या चादरी खांद्यावर घेऊन एकेक करत माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.  पोलिसांना कुणी फोन केला तेही मला माहीत नाही. ताई, मी शूर झाले वगैरे समजू नका. मावशींनी माझा दंड धरला होता म्हणून उभी होते.

पोलीस त्याला बाहेर घेऊन जाताना दारात डॉक्टरीणबाईंची गाडी तशीच चालू राहिली होती. तो थांबला. तिच्या झाकणावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं त्याला आता रडू येणार. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा म्हणाला, "ताईचं एक मनगट झालंय. एक राहिलंय."

पोलिसांनी ऐकलं नाही. मी सांगितलं, तर म्हणाले लेखी द्या. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवू, पण एवढ्यावर डांबता येत नाही. तुमच्या गावच्या चौकीत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, घरातलं भांडण आहे, काही घडलं तर कळवा. तुमचा फोन बादलीत. शिंपीणबाईंचा उचलत नाही कुणी. मी स्वतः आले असते, पण तक्रारीवर सही करायला मला इथे थांबवलंय. आणि पिल्लू शाळेतून यायची आहे.

डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला. एका म्हाताऱ्याला तोंडात कापूस तसाच ठेवून घरी पाठवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही त्यांच्या बोलण्यावर निघणार नाही, माझं अक्षर बघितल्यावर निघाल. म्हणून त्यांच्या बॉनेटवर कागद ठेवून हे लिहितेय. इंजिन चालू आहे म्हणून अक्षर असं हलतंय. 

तुम्ही लिहिलंत, "त्याला माझे हात लागतात." आता लागत नाहीत, ताई. आज त्याच्या तोंडावर मी ते बघितलं. ते हात दुसऱ्या कुणाचंही काम करू शकतात हे त्याला कळलंय, आणि ते त्याला सहन होणार नाही. त्याच्या रागाचं मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही त्याच्या बहीण आहात, तुम्ही त्याला लहानपणापासून माफ करत आलात.

तुम्ही म्हणाल, बाकावर इंजिन उघडं पडलंय. पडू दे. म्हणाल, चाळीस वर्षांचं घर आहे. असू दे. म्हणाल, सकाळी निघते. सकाळपर्यंत तो तिथे असेल. ही गाडी त्याच्या भाड्याच्या गाडीच्या कितीतरी आधी पोहोचेल, आणि तेवढाच वेळ आपल्या हातात आहे. तो वेळ डॉक्टरीणबाईंनी रस्त्यावर कमावलाय, तुम्ही दारात उभं राहून घालवू नका.

तुम्ही मला बसमध्ये बसवलंत तेव्हा मी तीनदा उतरायला बघत होते. दर वेळी तुम्ही मला मागे ढकललंत आणि म्हणालात, "बस खाली, गधडे." आज तेच मी तुम्हाला म्हणतेय. वयाने लहान असून म्हणतेय, राग मानू नका.

बसा गाडीत. कानशी घ्यायच्या तर घ्या, त्याहून जास्त काही नको. कुलपाला थांबू नका. चपला हातात घ्या, गाडीत घालता येतील.

खारू